वाढत्या अंगाचा कोट

"साहेब जवान असताना लई बारीक होते की," चनमल्लप्पा म्हणाला आणि त्यानं काखेतली शिवण टर्रकन उसवली.

गोदावरीच्या हातात चहाच्या कपांची परात होती. पुढच्या खोलीत सकाळपासून माणसं येत होती, चहा पीत होती, बोलत होती आणि बोलून घसा सुकला की पुन्हा चहा मागत होती. मागच्या पडवीत भवानी पेठेतला शिंपी हातमशीन मांडून बसलाय एवढं तिला ठाऊक होतं. निवडणूक म्हटली की झेंडे आले, झेंडे म्हटले की शिंपी आला, असं स्वतःशी म्हणत ती त्यालाही घोटभर चहा द्यायला आली होती. पण त्याच्या मांडीवर झेंडा नव्हता. खाकी लोकरीचा कोट होता, अस्तर वर करून पालथा घातलेला, आणि त्याची एक बाही फरशीवर पसरली होती. आजूबाजूला कडुनिंबाची वाळलेली पानं सांडली होती. ती पानं तीच दर उन्हाळ्यात बदलून घालत आली होती. परातीतला एक कप घसरला, फुटला नाही, नुसता गडगडत मशीनच्या पायाशी जाऊन थांबला. शिंप्यानं तो सरळ करून ठेवला आणि पुन्हा कात्री उचलली.

"हा कुणी दिला तुम्हाला?"

"साहेबांनीच की. सकाळी तुमी देवळात गेलता, तवा पेटीतनं काढून दिला. संध्याकाळी मिरवणुकीत घालायचाय म्हणले." त्यानं उसवलेली कड तिच्यापुढे धरली. "पाठीला जागा न्हाय बाई, पण काखेत अन् कुशीला लई कापड दाबलंय बघा. ज्यानं शिवला त्यानं वाढत्या अंगाचा म्हणून शिवला."

आतलं कापड अजून नवं होतं. बाहेरून कोट विटून मातकट झाला होता, पण शिवणीच्या आत ऊन नाही, वारा नाही, त्यामुळे तिथला खाकी रंग अजून हिरवटच राहिला होता. बोटभर रुंदीची ती पट्टी गोदावरी बघत राहिली. वाढत्या अंगाचा. पुण्याच्या लष्करातल्या त्या कुणा शिंप्यानं शरूकडे बघून मनात म्हटलं असेल, पोर आहे, अजून भरेल, ठेवावं थोडं कापड आत. आणि ते कापड वीस वर्षं काखेत वाट बघत बसलं, आणि आता ते कुणासाठी सोडायचं, तर तिच्या नवऱ्याच्या पोटासाठी. तिला एकदम इतका संताप आला की तो कुठून बाहेर काढावा तेच कळेना. परात खाली ठेवून ती कडुनिंबाची पानं गोळा करायला लागली. कामाला हात लागले की तोंड बंद राहतं, हे ती या घरात फार आधी शिकली होती.

कोट शरच्चंद्राचा होता. शरू, तिचा पाठचा भाऊ. करमाळ्याला कमलाभवानीच्या देवळाखालच्या आळीत दोघं वाढली, आणि वाढली तीही अशी की आई म्हणायची, एका मापाची दोन पोरं. शरू शिंप्यापुढे कधी उभा म्हणून राहायचा नाही. माप घ्यायची वेळ आली की देवळाच्या शंभर पायऱ्या चढून पळायचा. मग आई वैतागून गोदीलाच पुढे करायची, हिच्या अंगावरून घ्या हो, हिला आलं की त्याला येतं. त्याच्या सगळ्या सदऱ्यांची मापं तिच्या अंगावरून गेली. तिचं लग्न होऊन ती सोलापूरला आली तरी दिवाळीच्या आधी आई निरोप धाडायची, उंची कितपत झाली ते कळव, शरूला बाराबंदी शिवायचीय. सासरच्या माणसांना याचं फार हसू यायचं. पुढे शरू शिकायला सोलापुरात तिच्याकडेच राहिला, ह्याच पडवीत झोपायचा, आणि शिकून झाल्यावर युद्ध सुरू झालं तेव्हा पलटणीच्या रसदखात्यात कारकून म्हणून गेला. गेला म्हणजे काय, पाठवला. तेव्हा गावोगाव सभा होत होत्या, पुढारीच सांगत होते की फौजेत जा, साम्राज्याला मदत करा, उद्या आपल्याला हक्क मिळतील. आपल्या गावात ते सांगायचं काम तिच्या नवऱ्याकडे, वकिलीत नवेच पडलेल्या चिंतामणरावांकडे आलं होतं. टेबलावर मूठ आपटून ते बोलायचे. घरातलंच एक तरणंताठं पोर पहिल्या रांगेत बसून ऐकत असे. दुसऱ्यांच्या पोरांना जा म्हणायचं आणि स्वतःच्या मेहुण्याला राहा म्हणायचं, हे बरं दिसलं नसतं.

"वहिनी, चहा," पुढच्या खोलीतून वेणीमाधव मास्तरांचा आवाज आला. आवाजात विनंती होती, पण दम नव्हता.

तिनं परात उचलली. पुढच्या खोलीच्या दाराशी पडदा होता. त्या पडद्याच्या अलीकडून परात द्यायची आणि पलीकडून कुणीतरी घ्यायची, ही इतक्या वर्षांची रीत. पडद्याच्या फटीतून तिला वेणीमाधव मास्तर दिसत होते. हायस्कुलात इतिहास शिकवणारे, अंगानं काटकुळे, पण बोलायला लागले की सैन्यच्या सैन्य उभं करणारे. या निवडणुकीत चिंतामणरावांच्या प्रचाराची सगळी भिस्त त्यांच्यावर होती. म्युनिसिपालिटीत निवडून यायचं आणि मग अध्यक्षाच्या खुर्चीवर बसायचं, असा बेत होता. संध्याकाळच्या भाषणाची तालीम चालली होती.

"जगात आज बघा," मास्तर म्हणत होते, "राष्ट्राचा कारभार कुणाच्या हाती आहे? शिपायाच्या. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष कोण? सेनापती. जर्मनीचा परवा वारलेला म्हातारा अध्यक्ष कोण? सरसेनापती. तुर्कस्तानचा पाशा, पोलंडचा तो मिशाळ मार्शल, आयर्लंडचा तर विचारूच नका, काल बंदूक हातात, आज राज्य हातात. जुन्या रोमात दहा मोहिमा अंगावर घेतल्याशिवाय सरकारी पद मागायची सोय नव्हती. आधी रण, मग खुर्ची. आणि आपल्या सोलापूरच्या भाग्यानं आपल्याला लाभलेला हा उमेदवार…"

"इथं थांबा जरा," चिंतामणरावांचा आवाज आला. "टाळ्यांना जागा ठेवा."

गोदावरीला हसूही आलं आणि डोकंही उठलं. म्युनिसिपालिटीचा अध्यक्ष करतो काय, तर गटारं उपसून घेतो, दिवाबत्ती बघतो आणि नळाला पाणी का आलं नाही याची कारणं सांगतो. त्यांच्या गल्लीत नळ सकाळी घटकाभर येतो आणि त्यातलं निम्मं पाणी या चहापायी संपतं. तिथं रोमचा सेनापती येऊन काय करणार आहे? हंडे धरून उभा राहणार आहे? आणि रण म्हणाल तर ह्यांचं रण तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. युद्ध संपत आलं तेव्हा सरकारनं हिंदी लोकांसाठी संरक्षण दल काढलं, त्यात हे नाव घालून पुण्याला कवायत शिकायला गेले. मोठे हारतुरे घालून गावानं स्टेशनवर पोचवलं. तिथं ह्यांना गालगुंड झालं. निम्मा काळ डोक्याला उपरणं बांधून, लेप लावून एका नातेवाइकाच्या माडीवर पडून होते. बरे झाले तोवर लढाई संपली होती. खरं तर त्यात लाज वाटावी असं काहीच नव्हतं. आजार कुणाला सांगून येतो? पण त्या दिवसापासून गावातली चार माणसं ह्यांना लेफ्टनंटसाहेब म्हणायला लागली, आणि ह्यांनी एकालाही कधी, अहो मी लेफ्टनंट नव्हे, असं म्हटलं नाही. लोक म्हणतात तर म्हणू देत, आपल्या तोंडून कुठं खोटं निघालंय, असं त्यांचं वकिली गणित.

आणि गणितातच बोलायचं तर शरू गेला तेव्हाही त्यांचं गणित तयार होतं. बसऱ्याच्या बोटीत चढायच्या आधी शरूला थोडी रजा मिळाली म्हणून तो भेटायला आला होता. हा कोट त्यानं पदरच्या पैशांनी शिवून घेतला होता, घालून दाखवायची फार हौस. याच पडवीत उभा राहून तो म्हणाला होता, अक्का, बघ कसा दिसतो. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. कापड खरखरीत होतं, बोटांना टोचायचं. तेवढ्यात हे कोर्टातून आले, कोट बघून हसले. म्हणाले, अरे वेड्या, मेसोपोटेमिया म्हणजे वाळवंट, नकाशात बघ की जरा, तिथं लोकर घालून भाजून निघशील, ओझं कशाला नेतोस, ठेव इथंच. शरू त्यांना देवासारखा मानायचा. त्यानं कोट घडी करून तिच्या हातात दिला. युद्ध संपल्यावर वैरागचा धुळा म्हणून एक खेचरवाला परत आला होता, तो घर शोधत आला. इराकातल्या कूत गावाला तुर्कांनी वेढा घातला होता, त्या वेढ्यात त्यानं शरूला पाहिलं होतं. ओसरीवर उकिडवा बसून तो सांगत होता, "थंडी लई व्हती बाई. पाऊस अन् चिखल अन् थंडी. खेचरंबी उभ्या उभ्या थरथरायची. तुमचा भाऊ गोणपाट पांघरायचा. तितनं आमाला तुर्कांनी चालवत नेलं, त्यात तो मला कुटं दिसला न्हाय परत." आणि चिंतामणराव खुर्चीत बसून ते ऐकत होते, आणि सगळं ऐकून ते काय म्हणाले, तर म्हणाले, "इराकात एवढी थंडी? अक्षांश बघता शक्य वाटत नाही." धुळा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, व्हती की.

पडद्यातून उष्ट्या कपांची परात परत आली. दोन कपांत चहा तसाच राहिला होता. कुणीतरी विडीचं थोटूक बशीत विझवलं होतं. तिनं ते चिमटीत धरून मोरीत टाकलं आणि पडवीत आली. चनमल्लप्पा आता पाठीकडे वळला होता. दुपार डोक्यावर आली होती, पत्रा तापला होता, त्याच्या कपाळावरून घाम ओघळून कोटाच्या कॉलरवर पडत होता. ती म्हणाली, थांबा जरा. तो थांबला. भावाचा कोट आहे म्हणून सांगावं तर तो विचारणार, भाऊ कुठं असतात? आणि त्याचं उत्तर तिच्यापाशी कधीच नव्हतं. सरकारनं बेपत्ता म्हटलं. मेला असं कुणी म्हटलंच नाही. आई वाट बघत गेली. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते. बारा वर्षं भरली तेव्हा वडिलांनी करमाळ्याला पालाशविधी करायचं ठरवलं. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, दर्भानं बांधायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. भटजींनी सांगून पाठवलं की त्याच्या अंगावरचं एखादं वस्त्र असेल तर द्या, पुतळ्यावर घालू. वडील तिला म्हणाले, तो कोट आहे ना तुझ्याकडे? ती म्हणाली, त्याला कसर लागली, टाकून दिला. वडिलांशी ती आयुष्यात तेवढं एकदाच खोटं बोलली. तिनं त्याचं जुनं धोतर दिलं. बायकांना जायचं नसतं म्हणून ती घरीच थांबली, आणि ओढ्याकडून धूर वर यायला लागला तेव्हा तिच्या मनात एकच होतं, पानं जळतायत, नुसती पानं. कोट सोलापूरला पेटीत होता आणि जोवर तो पेटीत होता तोवर कुणीतरी येऊन तो मागण्याची शक्यता होती. हे वेडेपण होतं हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण बाकी सगळ्या घरानं शहाणपण वाटून घेतल्यावर तिच्या वाट्याला दुसरं काही उरलं नव्हतं.

"थांबू का बाई उसवू?" चनमल्लप्पानं विचारलं. "सायबांनी गिरणीच्या भोंग्याच्या आत द्या म्हणलंय."

तेवढ्यात चिंतामणरावच मागे आले. धोतराच्या सोग्यानं वारा घेत होते. तिच्याकडे न बघता शिंप्याला म्हणाले, "कितपत आलं?" आणि मग तिच्याकडे बघून, जणू आत्ताच लक्षात आलं, "हां, तुला सांगायचं राहिलं. मास्तरांची कल्पना. नुसत्या शब्दांनी काही होत नाही, लोकांना डोळ्यांना दिसावं लागतं."

"शरूचा आहे तो."

"माहीत आहे की. म्हणूनच तर." ते पायरीवर बसले. आवाज खाली आणला, घरात समजावणीचा म्हणून त्यांचा एक आवाज होता, अशिलाला तडजोडीला तयार करायचा. "हे बघ, खोटं काही नाही यात. घरातला माणूस इराकला लढला. घर म्हणजे कोण? घराचा कर्ता. कर्त्यानं पाठवला म्हणजे कर्ताच गेला, असं कुणी म्हटलं तर कायद्यानं चूक म्हणता येणार नाही."

"मेहुणा कधीपासून घरात धरतात?" ती म्हणाली. "वाटणी मागायला आला असता तर धरला असता?"

"तुझं हे असं असतं," ते म्हणाले, आणि खरंच दुखावल्यासारखे दिसले. तेच तिला सहन व्हायचं नाही. ते लबाड असते तर बरं झालं असतं, लबाडाशी भांडता येतं. हे चांगले होते. शरूच्या फीचे पैसे ह्यांनी भरले होते. आई गेली तेव्हा ह्यांनी तिला स्वतः करमाळ्याला पोचवलं होतं. फक्त घडून गेलेल्या कुठल्याही गोष्टीत आपण कुठं उभे होतो हे त्यांना आठवत नसे. आठवायचं ते असं की आपण मधोमध होतो.

"आणि खाकी," ती म्हणाली. "या गावात खाकी घालून मतं मागणार तुम्ही? फौजी कायद्याला पाच वर्षं झाली नाहीत अजून. रस्त्यात खाकीतले शिपाई माणसांच्या डोक्यावरच्या गांधी टोप्या काढून घेत होते, तेव्हा आपण दारं लावून आत बसलो होतो. खाकी दिसली की अजून बायका पोरं आत ओढतात. तुम्ही त्यांच्या दारापुढून खाकी घालून जाणार?"

"तेही मास्तरांनी बघितलंय. ही खाकी वेगळी, ती खाकी वेगळी, असं भाषणात येतं." ते उठले. "आणि लोक कोटाकडे बघत नाहीत गं, कोटातल्या माणसाकडे बघतात."

मग कोटच कशाला, असं ती म्हणणार होती, पण ते तोवर गेले होते. बोलून झालं की जायचं, समोरच्याचं वाक्य मागे दारात अडकलं तर अडकू दे. संसारभर तिची अशी कितीतरी वाक्यं त्या दारात अडकून पडली होती. चनमल्लप्पा खाली मान घालून मशीनचं चाक फिरवत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं आणि काही ऐकलं नाही असा चेहरा केला होता. शिंप्याला घरोघर बसावं लागतं, त्याला हा चेहरा येतो. तिनं त्याला पुन्हा थांबा म्हटलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच तांदूळ निवडायला घेतले. मशीनचा आवाज येत राहिला. खडे नव्हतेच तांदळात, तरी ती निवडत राहिली.

उन्हं कलली तेव्हा हाक आली, "अगं, जरा इकडे ये. पुढे ये."

पुढे ये, हे शब्द त्यांनी पुरुषमाणसं बसलेली असताना कधीच उच्चारले नव्हते. ती पडद्याशी थांबली. मग पडदा सारून आत गेली. खोलीत सात-आठजण असतील, भिंतीला टेकून, खिडकीत, पानाच्या तबकाभोवती, आणि मधोमध चिंतामणराव कोट घालून, दोन्ही हात अंगापासून दूर धरून उभे होते. चनमल्लप्पा टाचण्या तोंडात धरून त्यांच्याभोवती फिरत होता. कुशीतली मोकळी केलेली हिरवट पट्टी दोन्ही बाजूंनी दिसत होती. पाठीवर कोट ताणून बसला होता, बटणं लागली होती पण कशीबशी. हात तसेच पसरलेले, बोटं ताठ. तिला त्या क्षणी ते चिंतामणराव वाटलेच नाहीत. तो पळसाच्या पानांचा माणूस तिनं डोळ्यांनी कधी बघितला नव्हता, पण तो असाच उभा बांधला असणार, हात असेच बाजूला, काड्यांचे, आणि ज्या कोटाला तिनं त्याच्या अंगावर जाऊ दिलं नाही तो शेवटी असा याच्या अंगावर आला होता. वर टाळ्यांना जागा ठेवून.

"गळ्याचा हूक लागेना," ते म्हणाले. "ह्याची बोटं जाड आहेत. तू बघ जरा."

ती जवळ गेली. खोलीतलं बोलणं बारीक झालं. कोटाला कडुनिंबाचा वास होता, आणि त्याच्यातून ह्यांच्या डोक्याच्या खोबरेल तेलाचा वास वर येत होता. तिनं कॉलर धरली. कापड अजून तसंच खरखरीत होतं, बोटांना टोचत होतं. हूक गंजला होता, कधी लावलाच गेला नव्हता. ह्यांनी मान वर केली, हजामाला देतात तशी.

"मी म्हणतो, इराकच्या रणात, असंच ठेवू," मागून वेणीमाधव मास्तर कुणाला तरी सांगत होते. "थेट मी होतो असं म्हणायचंच नाही. ऐकणारा काय ते समजून घेईल."

"आणि कुणी विचारलं," गोदावरी हलक्या आवाजात म्हणाली, फक्त ह्यांना ऐकू येईल असं, "की तुमच्या घरातून तो मुलगा गेला होता, शरू, तो कुठंय? तर काय सांगाल?"

त्यांनी मान खाली केली नाही. छताकडे बघतच, अगदी सहज, तिला धीर द्यावा तसे म्हणाले, "कोण विचारणार गं आता?"

तिचे हात कॉलरवर होते ते तिथंच राहिले. मग तिनं हूक सोडून दिला आणि वरचं बटण काढलं. मग खालचं. मग त्याखालचं. त्यांना वाटलं असणार की हूक लावायला ती जागा करून घेतेय, म्हणून ते तसेच मान वर करून उभे राहिले. तिनं मागे जाऊन दोन्ही खांद्यांवरून कोट खाली ओढला. लहान मुलाच्या अंगातून काढतात तसा, आधी एक बाही, मग दुसरी बाही. ते सदऱ्यात उभे राहिले, घामानं सदरा पाठीला चिकटला होता. कुणीतरी पान चघळत होतं तेवढा आवाज.

"हा होता तसा करून द्या," ती चनमल्लप्पाला म्हणाली.

त्यानं तोंडातल्या टाचण्या हातात काढल्या. साहेबांकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. "व्हता तसा? शिवणी उसवून इस्त्री फिरवलीय की बाई. जुनी खूण ऱ्हायली न्हाय. कुणाच्या मापानं घ्यायचा?"

"ज्याचा आहे त्याच्या."

"मग त्यांना बोलवा. अंगावर घातल्याबिगर मला कसं कळंल?"

त्याचा काही दोष नव्हता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. चिंतामणराव पुटपुटले, "अगं…" कोर्टात ते असे कधी पुटपुटत नसत. गोदावरीनं पदर कमरेला खोचला, लुगड्यावरून एक हात बाहीत घातला, मग दुसरा, आणि कोट अंगावर ओढून घेतला. खांदे खांद्यांवर बसले. बाह्या मनगटाशी येऊन थांबल्या. एवढ्या वर्षांत तिचं अंग भरलंच नव्हतं, सासू त्यावरून बोलायची. कुशीला तेवढा कोट सैल होता, मोकळ्या केलेल्या कापडाएवढा. तिनं दोन्ही हात अंगापासून दूर धरले.

"घ्या," ती म्हणाली. "याच मापाचा होता."

माणसं उठली. एकानं उगाच टोपी नीट केली, दुसरा चपला शोधायला लागला. बाहेर गिरणीचा भोंगा झाला, लांब, नेहमीसारखा, आणि रस्त्यावर ताशा वाजायला लागला. चिंतामणरावांनी खुंटीवरचा काळा कोट काढला आणि अंगात घातला. तो त्यांना बरोबर बसत होता. वेणीमाधव मास्तर दारापर्यंत गेले, परत वळले आणि भाषणाचा कागद पुढे करून म्हणाले, "मग साहेब, इराक ठेवायचं की काढायचं?"

चिंतामणराव उंबऱ्यात होते. तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही. पायात चपला घालायला त्यांना फार वेळ लागला.

"काढा ते," ते म्हणाले.

खोली रिकामी झाली. चनमल्लप्पा मात्र जागचा हलला नव्हता. बाईमाणसाच्या अंगावर टाचायचं कसं, या पेचात तो टाचण्या तळहातावर घेऊन उभा होता. गोदावरीनं हात पुढे केला, टाचण्या घेतल्या, चार दातांत धरल्या आणि कूस स्वतःच चिमटीत पकडून आत दुमडली. तो लांबूनच बघत सांगत राहिला, अजून जरा, हां, अन् काखंत बी, लई न्हाय, आता दुसऱ्या अंगाला. हिरवट पट्टी एकेका टाचणीखाली आत गेली. ताशाचा आवाज चौकापर्यंत जाऊन वळला. खिडकीतून येणारं ऊन अजून तापलेलं होतं, तिच्या कानामागून घाम निघून कॉलरमध्ये उतरत होता, आणि लोकर मानेला टोचत होती.

"झालं की बाई," चनमल्लप्पा म्हणाला. "काढा आता. असल्या उन्हाळ्याचं एवढं जाड कापड अंगावर, जीव घाबरंल तुमचा."

"राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली. "तिकडे थंडी असते."

चनमल्लप्पानं एकदा तिच्याकडे बघितलं. मग तो खाली बसला आणि सुईत दोरा ओवायला लागला.